मागून घेतलेली सकाळ

तेबोराने वीस वर्षांच्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यात चांगुलपणा किती आणि भिडस्तपणा किती, ह्याचा विचार तिने कधी केला नाही, आणि पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती देशाच्या बेरू बेटावर तो कुणी करतही नाही. तिथे एखादा माणूस तुमच्या घरी येऊन मांडी घालून बसला आणि "बुबुती करतो, तुझी होडी दे" म्हणाला, की होडी त्याची झाली. बुबुती म्हणजे मागणं, पण आपल्या माणसाने आपल्या माणसाकडे केलेलं. ते नाकारलं तर गावच्या सभाघरात वर्षभर खाली मान घालून बसावं लागतं. आणि एकदा दिलेली वस्तू परत मागायची सोय नाही. डुक्कर गेलं तरी चालतं, मान गेलेली चालत नाही.

ही शिकवण गाठीला बांधून ती ब्रिस्बेनला नर्सिंग शिकायला आली आणि वर्षाच्या आत तिची खोली रिकामी झाली. एकाच घरात भाड्याने राहणाऱ्या टेगनने रेनकोट मागितला, तो दिला. आईने दोन महिने खपून विणलेली केवड्याच्या पानांची चटई टेगनला व्यायामासाठी हवीशी वाटली, तीही दिली. फ्राइंग पॅन गेला. सायकल वरच्या खोलीतल्या मुलीने "जरा देतेस का" म्हणून नेली आणि ती मुलगी कॉलेज बदलून केर्न्सला निघून गेली, सायकलीसकट. तेबोरा किती मोठ्या मनाची आहे, असं टेगन वर्गात सगळ्यांना सांगत असे. मोठ्या मनाची तेबोरा भिजत फेरीबोट गाठायची आणि शिंकत वर्गात बसायची.

बरं, देणं एवढं पक्कं, तर मागणंही तेवढंच जड. तिने दीड वर्षात कुणाकडे काही मागितलं नाही. आणि तिच्या लेखी प्रश्न विचारणं हेही मागणंच होतं. वर्गात सर म्हणायचे, "अडलं तर विचारा." तिला वाटायचं, हा माणूस माझा कोण, की मी त्याला मागणं घालून बांधून ठेवू? न विचारता ती पुस्तकं उपसत राहायची. पुस्तकात असतं ते तिला सगळं यायचं. पण वॉर्डात पुस्तक नसतं. पहिल्यांदा वॉर्डात पाठवलं तेव्हा सलाइनचा पंप पीं पीं करत होता आणि कुठलं बटण दाबायचं हे न कळल्याने ती वीस मिनिटं त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली. दोन नर्सा तिच्या मागून गेल्या, तिने एकीलाही हाक मारली नाही. शेऱ्यात दोनच शब्द आले, 'विचारत नाही', आणि खाली नापास.

आता हा दुसरा वॉर्ड, आणि शेवटची संधी. ह्यातही नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद आणि हातात परतीचं विमानाचं तिकीट. किरिबातीहून आलेल्या आठ मुलींपैकी तिघी अशा परत गेल्या होत्या. तेबोराला विमानाची भीती नव्हती. भीती होती सभाघराची. बेरूच्या दवाखान्यात सहा वर्षं नर्स नव्हती. गोळ्या कपाटात असायच्या आणि पाद्रीबाई डब्याचा रंग बघून त्या वाटायच्या. तेबोरा निघाली त्या दिवशी सगळं गाव सभाघरात जमलं होतं. सर्वांत वयस्कर आजोबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "पोरी, आम्ही सगळे मिळून तुझ्याकडे एक मागतो. नर्स होऊन परत ये." हे अख्ख्या गावाचं मागणं. त्याला नाही म्हणायचं कसं, हे बेरूत कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी सकाळी तिच्याकडे नऊ नंबरच्या कॉटवरचा पेशंट आला. लेन हॅगर्टी, वय चौऱ्याहत्तर, राहणार दूर आतल्या माळरानात, लाँगरीचच्याही पलीकडे. उभा जन्म गुरं हाकण्यात गेलेला, चेहरा उन्हाने भाजून काढलेला. पित्ताशयाचं ऑपरेशन अकरा वाजता होतं. कॉटच्या डोक्याशी 'उपाशी' अशी पाटी लावली होती आणि म्हातारा त्या पाटीकडे पाठ करून बसला होता.

"पोरी," तो म्हणाला, "घशाला कोरड पडलीय बघ."

"हो, मिस्टर हॅगर्टी. ऑपरेशन झालं की देऊ."

"झाल्यावर मी जिवंत असेन ह्याची काय खात्री? फक्त एक मागतो तुझ्याकडे. अर्धा कप चहा. दूध घालून. म्हाताऱ्यासाठी एवढं करशील ना, पोरी?"

तेबोराला नियम पाठ होता. वहीत तिने त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पण एका म्हाताऱ्या माणसाने तिला पोरी म्हटलं होतं, तिच्या डोळ्यांत बघितलं होतं आणि 'मागतो' हा शब्द उच्चारला होता. पुढचं तिच्या हातांनी परस्पर केलं. चहा चांगला झाला होता, असं म्हातारा नंतर सगळ्यांना सांगत होता, आणि तिथेच घोटाळा उघडकीला आला.

ऑपरेशन रद्द झालं, गुरुवारवर गेलं. विद्यार्थिनींवर देखरेख करणाऱ्या सिस्टर ड्रिस्कॉलने तेबोराला आपल्या खोलीत बोलावलं. उंच, पंचावन्नच्या घरातली बाई. ती रागावली की आवाज चढत नसे, उतरत असे, आणि ते जास्त वाईट.

"चहा कुणी दिला?"

"मी."

"उपाशी ठेवायचंय हे माहीत होतं?"

तेबोराने भुवया उंचावल्या. बेरूत ह्याचा अर्थ 'हो' असा होतो, आणि तो अदबीने दिलेला होकार असतो. सिस्टर ड्रिस्कॉलच्या मुलखात ह्याचा अर्थ भलताच होतो.

"भुवया काय उडवतेस? तोंडाने बोल."

"माहीत होतं, सिस्टर."

"माहीत होतं. मग का दिलास?"

"त्यांनी मागितला."

 तीस वर्षांत सिस्टर ड्रिस्कॉलने बरीच कारणं ऐकली होती. झोप लागली, विसरले, पाटी दिसली नाही. हे कारण नवीन होतं.

"भूल दिल्यावर तो चहा फुप्फुसात उतरला असता ना, तर आज मला लाँगरीचला फोन करून त्याच्या मुलीला सांगावं लागलं असतं. उद्या एखाद्याने खिडकीतून उडी मारायची परवानगी मागितली, तर खिडकी उघडून देशील?" तिने ड्रॉवरमधून शेऱ्याचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "तू मनाने वाईट नाहीस. पण पेशंट तुझ्या हातात सुरक्षित नाही. जेवणानंतर मी हा भरणार आहे. जा."

हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात जॅकरांडाखाली बाक होता. टेगन तिथे सँडविच खात बसली होती. ती हाडांच्या वॉर्डात होती. तेबोराने तिला सगळं सांगितलं, न रडता सांगितलं, आणि मग सांगून झाल्यावर रडली.

"अगं मग जाऊन माग ना," टेगन म्हणाली. "सरळ सांग, फॉर्म भरू नका, एक संधी द्या."

"असं कसं मागू? मी मागितलं तर त्यांना द्यावंच लागेल. त्या बांधल्या जातील."

"कोण, ड्रिस्कॉल?" टेगनला हसताना ठसका लागला. "बाई गं, तिला वाटलं तर देईल, नाही वाटलं तर नाही म्हणेल. तिला काय होणारेय? आम्ही दिवसातून पन्नास गोष्टी मागतो आणि चाळीस वेळा नाही ऐकतो."

"आणि तोंड कसं दाखवता परत?"

"जसं आहे तसं." टेगन खाता खाता थांबली. "थांब हं. तो रेनकोट. तू मला तो कायमचा दिलास?"

तेबोराने भुवया उंचावल्या. टेगनला ही खूण आता कळत होती.

"अरे देवा. मी त्या एका दिवसापुरता मागितला होता गं. तू परत मागेनास, तर मला वाटलं तुझ्याकडे दुसरा असेल. आणि चटई?"

पुन्हा भुवया.

"म्हणजे दीड वर्ष तू माझ्यासमोर भिजत येतेयस, आणि मी तुला विचारते की बाई, तुला पावसात चालायला इतकं का आवडतं?" टेगनने कपाळाला हात लावला. "तुमच्याकडे मग कुणी सुटतं का ह्यातून? की सगळे असेच लुटले जातात?"

तेबोराने नाक पुसलं आणि तिला अशा वेळीही थोडं हसू आलं. "बाबा सुटायचे. आमच्याकडे मोठं जाळं होतं, सगळ्यांचा त्याच्यावर डोळा. एखादा काका जाळ्यासाठी येताना दिसला, की बाबा तो बसायच्या आत म्हणायचे, 'बरं झालं आलास, बुबुती करतो, तुझी कुऱ्हाड दे.' एकाने आधी मागितलं की त्या बैठकीत दुसऱ्याला मागता येत नाही. काका कुऱ्हाड देऊन घरी जायचे. गावातल्या निम्म्या कुऱ्हाडी आमच्या घरी होत्या."

"तुझे बाबा भारी आहेत," टेगन म्हणाली. "आता ऊठ. ती जेवून येईल."

तेबोरा पायऱ्या चढून गेली. तिने दार वाजवलं. सिस्टर ड्रिस्कॉलच्या हातात पेन होतं.

"सिस्टर, मला तुमच्याकडे एक मागायचंय." तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "हा फॉर्म भरू नका."

"नाही," सिस्टर ड्रिस्कॉल म्हणाली.

बस्स. एवढंच. तेबोरा वाट बघत उभी राहिली की आता काहीतरी होईल. जमीन फाटेल, नाहीतर निदान सिस्टरचा चेहरा शरमेने पडेल. काही झालं नाही. पंखा फिरत होता. सिस्टर ड्रिस्कॉलने उलट समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि "बस" म्हणाली. जन्मभर ज्या 'नाही'ला तेबोरा घाबरली होती तो शब्द हा एवढासा, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाच्या भरात तिने दुसरं मागितलं.

"मग गुरुवारपर्यंत थांबा. गुरुवारी मिस्टर हॅगर्टींना माझ्याकडे द्या. तुम्ही मागे उभ्या राहा. चुकले तर तिथल्या तिथे भरा."

"त्यालाच? तो माणूस सगळ्या वॉर्डाला छळतोय. तू त्याला एकदा चहा दिलायस, तो तुला सोडणार नाही."

"म्हणूनच."

सिस्टर ड्रिस्कॉलने पेनचं टोपण लावलं. "दीड वर्षात तू मला विचारलेली ही पहिली गोष्ट," ती म्हणाली. "गुरुवार. सात वाजता. फॉर्म इथेच असेल."

गुरुवारी सातला हॅगर्टी तयारच होता. ऑपरेशन बाराला होतं. तेबोराला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"आली बघ माझी चहावाली."

दाराशी सिस्टर ड्रिस्कॉल हाताची घडी घालून उभी होती. तेबोराने नाडी बघितली, रक्तदाब बघितला, मनगटावरच्या पट्ट्यावरचं नाव वाचलं. म्हातारा तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होता. बोलायला योग्य वेळ तो शोधत होता, आणि तशी वेळ शोधणारी माणसं तिने लहानपणापासून पाहिली होती. काका जाळ्यासाठी यायचे तेव्हा असेच आधी हवापाण्याचं बोलायचे.

"आज बाहेर उकडणार असं दिसतंय," हॅगर्टी म्हणाला. त्याने घसा खाकरला. "पोरी, मी काय म्हणतो..."

"मिस्टर हॅगर्टी," तेबोरा म्हणाली, "आधी मी मागते."

तो थबकला. "माझ्याकडे? माझ्याकडे काय आहे? हे कपडेसुद्धा हॉस्पिटलचे आहेत."

"तुमच्याकडे ही सकाळ आहे. बारा वाजेपर्यंतची. ती मला द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे बारापर्यंत ती माझी. त्यात चहा नाही, पाणी नाही, बिस्किट नाही. मी जे म्हणेन ते. आमच्या बेटावर एकाने आधी मागितलं की दुसऱ्याला मागता येत नाही. आणि आपल्या माणसाने मागितलं तर नाही म्हणता येत नाही."

"मी कुठे तुमच्या बेटावरचा?"

"तुम्ही मला पोरी म्हणता. सोमवारपासून म्हणताय. आमच्याकडे ते उगीच कुणी म्हणत नाही."

 हॅगर्टीने सिस्टर ड्रिस्कॉलकडे बघितलं, पण तिकडून काही मदत येईना. "हा निव्वळ डाव आहे," तो म्हणाला.

"हो," तेबोरा म्हणाली. "माझ्या बाबांचा."

 म्हातारा उशीवर डोकं टाकून म्हणाला, "ने. ने सकाळ. म्हाताऱ्याला लुबाडतेस."

आणि गंमत म्हणजे त्याने शब्द पाळला. नऊ वाजता चहाची ट्रॉली घेऊन आलेल्या बाईने चुकून त्याच्यासमोर कप ठेवला, तर त्याने तो दोन बोटांनी लांब सारला. "नको. सकाळ माझी नाहीये, हिची आहे," असं त्याने तिला बजावलं. ती बाई तेबोराकडे बघत, डोकं हलवत पुढच्या कॉटकडे गेली. सिस्टर ड्रिस्कॉल तेवढ्यात दुसऱ्या विद्यार्थिनीकडे बघायला गेली, पण जाताना तिच्या ओठांचा कोपरा जरा हलला होता.

पण मागून घेतलेली सकाळ भरायची कशाने? चहा नाही म्हटल्यावर हॅगर्टी बोलू लागला. दुष्काळ, कुत्री, मेलेली बायको, पाय मोडलेला घोडा. तेबोराही बसून विचारू लागली. आधी भीत भीत, मग न थांबता. घोड्याचं नाव काय? कुत्री किती? बायकोला काय आवडायचं? प्रश्न विचारला की माणूस बांधला जात नाही, मोकळा होतो, हे तिला त्या खुर्चीत बसून कळलं. दीड वर्ष उशीर झाला होता, पण कळलं.

"तुमच्याकडे खायला काय असतं गं?" त्याने विचारलं.

"मासे. नारळ. आणि लग्नाकार्यात डब्यातलं बीफ."

"डब्यातलं?" म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं. "त्याने मला मारलंच असतं. बाविशीत असेन. कुंपणाच्या तारेने हात फाटला, तिथल्या छोट्या दवाखान्यात गेलो. बाहेर येऊन डब्यातलं बीफ खाल्लं, आणि बघता बघता ओठ सुजले हे एवढे, श्वास बंद. दोन दिवसांनी शुद्धीवर आलो. तेव्हापासून डब्याला हात लावला नाही."

तेबोरा खुर्चीत पुढे सरकली. "दवाखान्यात काय केलं होतं?"

"काय करणार? टाके घातले. सुई टोचली."

"कसली सुई?"

"मी काय डॉक्टर आहे? पिकू नये म्हणून देतात ती. पेनिसिलिन का काय."

"सुई आधी की जेवण आधी? आठवून सांगा."

"सुई आधी. दहा मिनिटं आधी. का गं?"

तिने फाइल उघडली. ॲलर्जी: काही नाही. त्याने स्वतःच तसं सांगितलं होतं, कारण त्याच्या मते दोष डब्याचा होता. आणि ऑपरेशनच्या आधी त्याला त्याच जातकुळीतलं इंजेक्शन द्यायचं आहे, असं खालच्या ओळीत लिहिलं होतं. ती सिस्टर ड्रिस्कॉलला शोधायला उठली, तोच वॉर्डबॉय दारात आला. आधीचं ऑपरेशन लवकर आटपलं होतं, हॅगर्टीला आत्ताच खाली बोलावलं होतं. तिने जाता जाता काउंटरवर निरोप ठेवला आणि कॉटबरोबर लिफ्टमध्ये शिरली.

खाली थिएटरच्या बाहेर भूल देणारे डॉक्टर पेलहॅम उभे होते. पांढऱ्या केसांचे, घाईतले. शेजारी दोन ज्युनिअर डॉक्टर. ते भराभर कागद वाचत होते.

"नाव बरोबर. उपाशी आहात ना? छान. ॲलर्जी?"

"काही नाही," हॅगर्टी म्हणाला.

डॉक्टरांनी खूण केली. "चला आत."

बेरूच्या सभाघरात तरुण मुली मागच्या रांगेत बसतात. पुढच्या रांगेत म्हातारे. पुढून बोलतात ते मागे ऐकायचं असतं, मागून पुढे बोलायचं नसतं. तेबोराच्या पायांनी वीस वर्षं मागची रांग सोडली नव्हती. इथे तिच्यासमोर पांढरे केस होते. तिने कॉटचा दांडा पकडला.

"थांबा," ती म्हणाली. आवाज फार बारीक निघाला. कॉट हलली. "डॉक्टर, थांबा. मला एक विचारायचंय."

"नंतर," डॉक्टर म्हणाले. "यादी लांब आहे. बाजूला हो, प्लीज."

वयाने मोठ्या माणसाने प्लीज म्हणून केलेलं मागणं. 

"नाही," ती म्हणाली.

कुणाच्या मागण्याला उत्तर म्हणून हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता, आणि तो स्वच्छ, मोठ्याने बाहेर पडला. दोन्ही ज्युनिअर डॉक्टरांनी माना वर केल्या. वॉर्डबॉयने हात काढून घेतले.

"नाही, मी बाजूला होणार नाही. बाविसाव्या वर्षी ह्यांना पेनिसिलिन दिलं होतं. दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास बंद पडला. ह्यांना वाटतं डब्यातल्या बीफने झालं. कागदावर काही नाही म्हणून लिहिलंय. तुम्ही ह्यांना विचारा. विचारल्याशिवाय मी कॉट सोडणार नाही."

जिन्यावरून सिस्टर ड्रिस्कॉल धापा टाकत येत होती. निरोप तिला मिळाला होता. ती शेवटच्या पायरीवर थांबली.

डॉक्टर पेलहॅमनी कागद खाली केला. मग ते हॅगर्टीच्या उशाशी वाकले. "मिस्टर हॅगर्टी, काय झालं होतं ते मला पहिल्यापासून सांगा." म्हाताऱ्याने सांगितलं. तारेपासून बीफपर्यंत. सांगता सांगता त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे पन्नास वर्षं मी उगीच त्या डब्याला शिव्या घालतोय?" त्याने विचारलं.

"तसं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी इंजेक्शनचं नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि ॲलर्जीचा लाल पट्टा मागवून स्वतः त्याच्या मनगटाला बांधला. मग ते तेबोराकडे वळले. "नाव काय तुझं?"

"तेबोरा."

"तेबोरा, मी आत्ता ह्यांना कदाचित मारलं असतं." त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. "पुन्हा मी नंतर म्हणालो, तर पुन्हा असंच कर."

कॉट आत गेली. दार मिटता मिटता आतून हॅगर्टी ओरडला, "पोरी, अजून बारा वाजले नाहीत हं. सकाळ तुझीच आहे." तेबोरा तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. तिला फार आनंद झाला होता. सिस्टर ड्रिस्कॉल तिच्या शेजारी येऊन टेकली. तिने खिशातून घडी केलेला फॉर्म काढला आणि शेऱ्याच्या जागी, भिंतीवरच धरून, दोन शब्द लिहिले. तेबोराने मान वळवून वाचले. 'विचारते. उत्तीर्ण.'

"पुरे ना एवढं?" सिस्टर ड्रिस्कॉलने विचारलं.

तेबोराने भुवया उंचावल्या. आणि त्या पंचावन्न वर्षांच्या उंच बाईने, अगदी गंभीर चेहऱ्याने, आपल्याही उंचावल्या.

दुसऱ्या दिवशी हॅगर्टी उशीला टेकून बसला होता. चेहरा पिवळट, पण जीभ शाबूत. "आता मागू का?" त्याने विचारलं.

"मागा."

"चहा. दूध, दोन चमचे साखर. आणि ती माझी सकाळ परत कर."

"चहा देते," तेबोरा म्हणाली. "सकाळ मिळणार नाही. दिलेलं परत मागायचं नसतं."

त्या संध्याकाळी ब्रिस्बेनवर वादळी पाऊस आला. टेगन स्वयंपाकघरात पास्ता उकळत होती. तेबोरा निथळत दारात उभी राहिली. दिलेलं परत मागायचं नसतं हे खरं, पण तो नियम बेरूचा होता आणि रेनकोट ब्रिस्बेनचा.

"टेगन, माझा रेनकोट परत दे."

टेगन चमचा तसाच टाकून धावली. रेनकोट आणला, मागोमाग फ्राइंग पॅन आणला, आणि गुंडाळलेली चटई काखेत धरून आली. "घे बाई, सगळं घे. सोमवारपासून मला झोप नाही, पण म्हटलं तू मागशील तेव्हाच देईन."

तेबोराने रेनकोट अंगात घातला. पॅन घेतला. मग चटई हातात घेऊन थोडी उलगडली. आईची बोटं तिच्या प्रत्येक पट्टीवरून फिरली होती. मागच्या वेळी ही चटई तिच्याकडून गेली होती, तिने ती दिली नव्हती. दोन्हींतला फरक आज तिला कळत होता. तिने चटई पुन्हा नीट गुंडाळली आणि टेगनच्या हातात ठेवली.

"ही राहू दे," ती म्हणाली. "ही मी तुला देते."